पन्नास वर्षांचा स्पीकर आज घ्यावा का?

आजचा विषय हाय-फायचा आहे, पण खरा प्रश्न पैशांचा आहे. एखादं स्पीकरचं मॉडेल पन्नास वर्षांपासून नावाजलेलं आहे, जुने शौकीन त्याचं नाव आदराने घेतात. मग ते डोळे मिटून घ्यावं का? यासाठी आपण एकच उदाहरण नीट बघू: बीबीसीचा एलएस ३/५ए.

दिसायला अगदी साधा. उंची साधारण ३० सेंटीमीटर, रुंदी १९, म्हणजे जवळपास बुटांच्या खोक्याएवढा. पण नवी जोडी लाखांच्या घरात जाते. म्हणून आधी विचारायचं, हा बनवला कशासाठी?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या इंजिनिअरांना ओबी व्हॅनसाठी, म्हणजे बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसाठी, छोटा मॉनिटर हवा होता. गाडीत मोठा स्पीकर मावत नाही आणि प्रत्येक काम हेडफोनवर होत नाही. मग त्यांनी प्लायवूडची छोटी बंद पेटी केली आणि केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर बसवले: पाच इंची बी११० आणि टी२७ ट्वीटर. काम काय, तर निवेदकाचा आवाज खरा वाटतोय का, रेकॉर्डिंगमध्ये काही गडबड आहे का, हे जवळ बसून ओळखायचं.

त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही इथूनच येतात. माणसाचा आवाज हा स्पीकर फार सुंदर दाखवतो. गाणं, पॉडकास्ट, नाटक, गझल, सगळं. पण साधारण ८० हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरत जातो. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते, म्हणजे ती पूर्ण वजनाने येणारच नाही. शंभर हर्ट्झच्या थोडं वर आवाज किंचित उचललेला आहे, त्यामुळे बेस आहे असं वाटतं. ईडीएम किंवा ॲक्शन सिनेमा हे तुमचं मुख्य ऐकणं असेल, तर इथेच थांबा.

आता अँप्लिफायर. हा पॅसिव्ह स्पीकर आहे. आत ब्लूटूथ नाही, अँप नाही, फोन थेट जोडता येत नाही. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३ डेसिबल, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजवर बऱ्याच स्पीकरपेक्षा हळू वाजतो. शिवाय मूळ मॉडेल १५ ओहमचं. नेहमीच्या ट्रान्झिस्टर अँपवर '८ ओहमला ५० वॅट' लिहिलं असेल, तर १५ ओहमला त्यातून साधारण २७ वॅटच मिळतात. छोट्या खोलीत, सहा-सात फुटांवरून ऐकायला ते पुरतं. मोठ्या हॉलसाठी नाही, आणि जोर लावून वाजवला तर स्पीकरच दमतो. म्हणजे बजेट धरताना अँप, स्टँड आणि वायरचा खर्चही धरा. भिंतीला चिकटवून ठेवला तर बेस फुगतो, त्यामुळे मागे जागाही लागते.

पुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: नाव तेच आहे, पण वस्तू तीच आहे का? सॉफ्टवेअरमध्ये बघा, ॲपचं नाव आणि आयकॉन तोच राहतो, आतल्या लायब्ररी बदलतात. इथेही तसंच झालंय. नावातला 'ए' मुळात ड्रायव्हर बदलल्यामुळे केलेल्या सुधारित डिझाइनचा आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी बी११० मध्ये फरक पडत गेल्यामुळे क्रॉसओव्हर नव्याने आखला आणि ११ ओहमची आवृत्ती आली. १९९० च्या दशकाच्या शेवटी केईएफने हे ड्रायव्हर बनवणंच थांबवलं. त्यानंतर स्टर्लिंगने वेगळे ड्रायव्हर वापरून आपली आवृत्ती काढली. फाल्कनने मूळ ड्रायव्हरच पुन्हा बनवून १५ ओहमचं मॉडेल आणलं. तिथले माल्कम जोन्स यांनीच पूर्वी केईएफमध्ये बी११० आणि टी२७ डिझाइन केले होते.

म्हणजे 'पन्नास वर्षं तोच स्पीकर' हे वाक्य अर्धंच खरं आहे. रिव्ह्यू वाचताना तो नेमका कोणत्या आवृत्तीचा आहे ते बघा. १९८० मधल्या जोडीचं कौतुक आजच्या जोडीला आपोआप लागू होत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर दोन गोष्टी. दोन्ही स्पीकर मूळ एकाच जोडीतले हवेत, मागचे सीरियल नंबर तपासा. एक १५ ओहमचा आणि एक ११ ओहमचा, अशी जोडी तर अजिबात नको. आणि ड्रायव्हर बदललेत का, हे स्पष्ट विचारा.

मग घ्यावा का? खोली दहा बाय बाराची, ऐकायची जागा ठरलेली, गाणं मुख्यतः आवाजाचं, आणि अँपचा खर्च झेपणारा असेल, तर हो, जरूर ऐकून बघा. यातली एखादी गोष्ट जुळत नसेल, तर त्याच पैशांत मोठा स्पीकर किंवा चांगला ॲक्टिव्ह स्पीकर जास्त सुख देईल. त्यात कमीपणा काही नाही.

डेमोला जाताना दुकानदाराची गाणी ऐकू नका. तुमच्या फोनमधली तीन न्या: एक नुसत्या बोलण्याचं, एक तुमच्या आवडत्या गायकाचं, आणि एक भरपूर बेस असलेलं. तिसरं गाणं ऐकल्यावरही तो घ्यावासा वाटला, तर पैसे काढा.

चला, भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!