पाऊस नसताना पर्जन्यमापकाची परीक्षा

धारणीतल्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर आपोआप नोंद ठेवणारा पर्जन्यमापक बसवायचा आहे, असे समजू. त्याच्या नरसाळ्याखाली तराजूसारखी तोललेली दोन छोटी पात्रे असतात. ठरावीक पाणी साचले, समजा ०.५ मिलिमीटर पावसाइतके, की एक पात्र कलंडते व दुसरे त्याच्या जागी येते. कलंडताना एक लोहचुंबक स्विचजवळून सरकतो, स्विच क्षणभर जोडला जातो आणि मायक्रोकंट्रोलर एक आकडा पुढे मोजतो.

हा प्रोग्रॅम मार्चमध्ये लिहिला, तर मेळघाटातल्या पावसाला अजून तीन महिने आहेत. कदाचित यंत्रही हाती आलेले नाही. मग चूक सापडायची कशी?

मायक्रोकंट्रोलरला पाऊस कधी दिसतच नाही. त्याला दिसते ती एका पायावरची ० किंवा १ ही स्थिती, आणि ती कुठून आली हे तो विचारत नाही. म्हणून संगणकावर मायक्रोकंट्रोलरची नक्कल करणारा सिम्युलेटर चालवायचा आणि पात्र कोणकोणत्या क्षणी कलंडले याची कृत्रिम यादी त्याला पुरवायची.

खरी अक्कल लागते ती ही यादी करताना. दर मिनिटाला एक कलंडणे, अशी शहाणी यादी दिली तर प्रोग्रॅम बहुधा पास होतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. खऱ्या स्विचच्या पात्या जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, त्यामुळे एकाचे तीन मोजले जाऊ शकतात. ही थरथर यादीत मुद्दाम घालावी. तासाला १०० मिलिमीटर पाऊस कोसळला तरी दोन कलंडण्यांत १८ सेकंदांचे अंतर असते. तेव्हा पहिल्या जोडणीनंतरच्या दशांश सेकंदातले सारे खुशाल सोडून द्यावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० वाजता बदलतो. नेमके त्याच क्षणी एक कलंडणे ठेवून पाहावे. ते कोणत्याच दिवसात न पडता हरवते का?

शिवाय अतिवृष्टी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या यंत्रात ती १,८८८ कलंडणी होतात. पण मोजणी ८ बिटांत ठेवली असेल तर २५५ नंतर पुन्हा शून्य येते. सात फेऱ्या वाया जाऊन शेवटी ९६ उरतात, म्हणजे नोंद फक्त ४८ मिलिमीटरची! पुराचा इशारा ज्या दिवशी हवा, नेमक्या त्याच दिवशी यंत्र ‘साधारण पाऊस’ म्हणेल. रिमझिम पावसात ही चूक वर्षानुवर्षे लपून राहील.

हा निव्वळ कल्पनाविलास नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एरियान-४ साठीचा प्रोग्रॅम त्यात वापरला होता आणि एक संख्या १६ बिटांत मावली नाही. नव्या रॉकेटच्या मार्गाची कृत्रिम माहिती देऊन त्या भागाची चाचणी घेतलीच नव्हती, असे चौकशीत आढळले.

वर्गात हे संगणकाविना दाखवता येते. एका मुलाला चार बोटांवर द्विमान पद्धतीने टाळ्या मोजायला सांगा. करंगळी १, मग २, ४ आणि ८. पंधराव्या टाळीला चारही बोटे उघडी असतील. मग सोळावी टाळी वाजवा आणि ‘किती झाल्या?’ हे इतर मुलांना फक्त त्याच्या बोटांकडे पाहून सांगू द्या.