पाण्याचा घोटही ठरेना तेव्हा

नवीन पनवेलला आमच्या इमारतीत सकाळी सातला फोडण्यांचे वास जिन्यात उतरतात. भाचीला दिवस गेले तेव्हा ती त्या वेळी बाथरूमचं दार लावून, नळ सोडून बसायची. सातव्या आठवड्यात तिची लोकल सुटली, आठव्यात पाणीही ठरेना. "कडक डोहाळे आहेत, चौथ्यात थांबेल," असं सगळ्याजणी म्हणत होतो, मीही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये तशीच होती. "मावशी, बाळाला काही झालं तर?"

मळमळ बहुतेकींना होते. पण शंभरात फार तर तिघींना होणारा हा प्रकार आजार आहे, हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम. वजन पाच टक्क्यांनी घटतं, म्हणजे 52 किलोच्या बाईचं अडीच किलोहून जास्त. लघवी गडद आणि थोडी होते, तपासणीत कीटोन सापडतात. हे मनाचे खेळ नाहीत. वारेतून येणारं जीडीएफ15 नावाचं संप्रेरक यामागे असल्याचं 2023 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांना त्याची अचानक वाढ जास्त बाधते. संशोधकांपैकी मार्लिना फेझो यांनी स्वतः हा आजार भोगला होता आणि त्यात गर्भही गमावला होता.

भाचीच्या पर्समधली गोळी डॉक्सिलामाइन आणि बी-6 जीवनसत्त्वाची होती. आपल्याकडे ती डॉक्सिनेट या नावानं ओळखीची आहे. भीतीचं मूळ थॅलिडोमाइडमध्ये आहे. त्या औषधानं हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली आणि 1961 मध्ये जर्मनीत ते मागे घेतलं गेलं. पुढे संशय या निर्दोष गोळीवरही आला. अमेरिकेत 1956 पासून बेंडेक्टिन नावानं ती मिळत होती. खटल्यांना कंटाळून कंपनीनं 1983 मध्ये विक्री थांबवली. त्यानंतर बाळांमधली जन्मजात व्यंगं कमी झाली नाहीत. उलट्यांमुळे दवाखान्यात दाखल होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. 2013 मध्ये तिथे हीच जोडी पुन्हा मंजूर झाली. गरोदरपणात इतकी तपासली गेलेली औषधं फार थोडी आहेत, आणि हे मला प्रत्येक घरात जाऊन सांगावंसं वाटतं.

ती घ्यायची मात्र पद्धतीनं. सावकाश विरघळणारी असल्यामुळे रात्री घेतली की सकाळपर्यंत परिणाम चढतो. चावायची नाही, आणि उलटी झाल्यावर एखादी असंही नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेनं रोज. झोप येते, तेवढं धरून चालायचं. तिनं भागलं नाही तर मेटोक्लोप्रमाइड किंवा ऑन्डान्सेट्रॉन. ऑन्डान्सेट्रॉन पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास दहा हजारांत सुमारे तीन बाळांना जास्तीचा टाळू-ओठ दुभंगण्याचा धोका 2018 च्या मोठ्या अभ्यासात दिसला. हा आकडा डॉक्टरांनी सांगावा, बाईनं विचारून घ्यावा, आणि शोष पडत असेल तर दोन्ही बाजू तोलून औषध घ्यावं.

पाणीच ठरत नसेल तर सलाइन. इथे एक प्रश्न नातेवाइकांनी जरूर विचारावा: ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1, दिलं का? बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

भाचीला दोन दिवस सलाइन लागलं, गोळ्या नेमानं सुरू झाल्या. चौथ्या सकाळी तिनं मीठ-लिंबू घातलेला अर्धी वाटी मऊ भात खाल्ला. तासभर आम्ही घड्याळाकडे बघत होतो. ठरला. उलट्या बाराच्या तीनवर आल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. लोकल पकडायला आणखी पाच आठवडे लागले.