पाच यार्डांचं अंतर

२३ फेब्रुवारी २०२०. सेंट लुईसच्या डोममध्ये बॅटलहॉक्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता आणि किकऑफच्या वेळी मी चेंडूकडे बघतच नव्हतो. नजर होती समोरासमोर उभ्या असलेल्या दोन रांगांवर. पूर्वापार चालत आलेल्या किकऑफमध्ये चेंडू लाथेने दूर उडवला की त्याच्यामागे दहा जण सुसाट धावत जातात आणि समोरच्यांवर जाऊन आदळतात. या खेळातल्या सगळ्यात वाईट दुखापतींपैकी कितीतरी त्या धडकेत होतात. एक्सएफएल या नव्या लीगने ती धावच काढून टाकली. लाथ मारणारा एकटा मागे, आपल्या ३० यार्डांच्या रेषेवर. त्याचे दहा साथीदार थेट पलीकडे, प्रतिस्पर्ध्यांच्या ३५च्या रेषेवर. त्यांना अडवणारे ३०वर. मधे फक्त पाच यार्ड. चेंडू झेलला जाईपर्यंत, किंवा जमिनीवर पडून तीन सेकंद होईपर्यंत, कुणी जागचं हलायचं नाही.

त्या काही क्षणांत खरं काम दिसतं. कबड्डीत चढाईवाला पुढे सरकताना बचाव करणारे जसे चवड्यांवर तोललेले असतात, तसे हे शंभर-सव्वाशे किलोचे गडी तोललेले असतात. पंचाचा हात खाली आला की दोन रांगा एकमेकींत घुसतात. इथे वेगाने आदळून काही साधत नाही, कारण वेग घ्यायला जागाच नसते. समोरच्याच्या छातीखाली हात घालून त्याला कोणत्या बाजूला वळवायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं आणि शेजारच्यालाही ते माहीत असावं लागतं. एकाने चूक केली की भगदाड चुकीच्या जागी पडतं.

त्या दिवशी न्यूयॉर्क गार्डियन्सविरुद्ध कीथ ममफरीने चेंडू झेलला, एका बाजूला धाव घेतली, अख्खी रांग आपल्यामागे ओढली आणि उलट दिशेने येणाऱ्या जो पॉवेलच्या हातात चेंडू दिला. पॉवेल ८४ यार्ड पळून टचडाउन करून आला. लोक नाचत होते. मला कौतुक वाटलं ते त्या बाजूला आपापली माणसं धरून ठेवणाऱ्यांचं. त्यांची नावं कुणी पुकारत नाही.

ही माणसं एकमेकांना किती ओळखत होती? लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी खेळाडू निवडणं, झाला ऑक्टोबर २०१९मध्ये. जानेवारीत आठही संघांची शिबिरं ह्यूस्टनमध्ये झाली, आणि फेब्रुवारीत सामने सुरू. बहुतेक जण एनएफएल या सर्वात मोठ्या लीगच्या दारातून परत आलेले. क्वार्टरबॅक जॉर्डन टाआमू हवाईचा, त्याला एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. मुख्य प्रशिक्षक जोनाथन हेज हेही या पदावर नवेच. संघ जुना असला की निम्मं काम सवयीने होतं. इथे सवय लावायलाच वेळ नव्हता, त्यात नियमही नवे. टचडाउननंतर लाथेने मिळणारा एक गुण रद्द. त्याऐवजी २, ५ किंवा १० यार्डांवरून एक खेळी खेळायची आणि १, २ किंवा ३ गुण मिळवायचे.

तरीही पहिल्याच सामन्यात त्यांनी डॅलसला त्यांच्या घरी १५-९ हरवलं. ह्यूस्टनकडून हरले, पण चारच गुणांनी. आणि मग हा घरचा सामना, २९-९. हजर प्रेक्षक २९,५५४, तेही वरचा मजला बंद ठेवून.

या शहराला संघ सोडून जाण्याची सवय झालेली आहे. १९८७चा हंगाम संपल्यावर एनएफएलचे कार्डिनल्स ॲरिझोनाला गेले. रॅम्स १९९५मध्ये आले, कर्ट वॉर्नरच्या काळात सुपर बोल जिंकले आणि २०१६मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेले. म्हणून त्या दिवशी ‘का-का’ असा ससाण्याचा आवाज काढणाऱ्या गर्दीत मधूनच रॅम्सच्या मालकाविरुद्ध घोषणाही उठत होत्या. मला त्या रागात प्रेमच जास्त ऐकू आलं. चार वर्षं रिकाम्या राहिलेल्या रविवारांचा तो हिशोब होता, आणि तो चुकता करायला लोकांनी एका अनोळखी संघाला पहिल्याच दिवशी आपलं म्हटलं.

पुढच्या सामन्यात सिॲटलवर २३-१६ असा विजय, मग वॉशिंग्टनमध्ये हार. पाचात तीन जिंकले. २१ मार्चच्या घरच्या सामन्यासाठी वरचा मजलाही उघडायचं ठरलं होतं. पण १२ मार्चला करोनामुळे लीग थांबली, २० तारखेला हंगाम रद्द झाला आणि एप्रिलमध्ये लीगच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. टाआमूला कॅन्सस सिटी चीफ्सने करारबद्ध केलं. सगळ्यांच्या वाट्याला असं काही आलं नाही.

लीग नव्या मालकांनी पुन्हा उभी केली. मार्च २०२३मध्ये बॅटलहॉक्स याच डोममध्ये परतले तेव्हा ३८,३१० लोक आले. आणि २०२४च्या हंगामात एनएफएलनेच किकऑफ बदलला. तपशील थोडे वेगळे, पण रांगा समोरासमोर, मधे तेच पाच यार्ड. आता समालोचक त्याला एनएफएलचा नवा किकऑफ म्हणतात. मी मात्र ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो की हे मोठ्या मैदानावर करून दाखवणाऱ्यांत सेंट लुईसची मुलं होती, आणि त्यांच्याकडे सरावाला जेमतेम एक महिना होता.