हिरड्यांचा रंग का बदलतो?

निरोगी हिरडी गुलाबीच असली पाहिजे, हा समज टूथपेस्टच्या जाहिरातींनी आपल्याकडे घट्ट रुजविला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्वचेला वर्ण देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य हिरड्यांतही असते. त्यामुळे अनेक भारतीयांच्या हिरड्या तपकिरी वा काळसर दिसतात, त्यात वावगे काही नाही. लहानपणापासून असलेला, दोन्ही बाजूंना साधारण सारखा आणि न दुखणारा रंग हा आजार नव्हे. लेसरने हिरड्या ‘गुलाबी’ करून घेण्याची टूम शहरांत आली आहे. परंतु हा उपचार केवळ सौंदर्यापुरता आहे आणि काळसरपणा कालांतराने परतू शकतो, हे खर्चापूर्वी ध्यानात घेतलेले बरे.

चिंतेचा विषय आहे तो बदललेला रंग. सर्वाधिक आढळतो तो लालभडकपणा. दातांच्या कडेला साचणारा जिवाणूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर हिरडी सुजते आणि ब्रश करताना रक्त येते. रक्त येते म्हणून नेमकी तीच जागा टाळली जाते आणि दुखणे वाढते. या थराचे पुढे कडक कीटण बनते. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढावे लागते. ‘दात साफ करून घेतले की ते हलू लागतात’ ही भीती निराधार आहे. दात सैल होतात ते खालचे हाड झिजल्याने; कीटण निघाल्यावर ती झीज उघड होते, एवढेच. सूज हिरडीपुरती असेतो ती पूर्ण बरी होते, झिजलेले हाड मात्र सहसा पूर्ववत होत नाही. गरोदरपणात व मधुमेहात हा त्रास बळावतो.

काळवंडण्याचे एक मोठे कारण म्हणजे तंबाखू. धूम्रपानाने विशेषतः खालच्या पुढच्या दातांजवळची हिरडी काळसर होते; सवय सोडल्यास हा रंग हळूहळू उतरतो. धूम्रपानाने हिरडीतून रक्त येण्याचे प्रमाणही कमी होते. साहजिकच, आत रोग वाढत असतानाही ‘माझ्या हिरड्या ठणठणीत आहेत’ असे धूम्रपान करणाऱ्यास वाटत राहते. आपल्या राज्यात अनेक स्त्रिया मशेरी लावतात. दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली भाजलेली तंबाखूच हिरडीवर चोळली जाते, हे घराघरांत सांगायला हवे.

चांदीच्या जुन्या भरणाजवळचा निळसर-काळा डाग बहुधा त्या धातूच्या कणांचा असतो व निरुपद्रवी ठरतो. मलेरियावरील काही औषधांनीही रंग बदलतो. हिरड्यांसोबत त्वचाही काळवंडू लागली, थकवा आला, वजन घटले, तर अधिवृक्क ग्रंथींचा विकार नाही ना, हे फिजिशियनकडून तपासून घ्यावे. फिकट हिरड्या रक्तक्षयाकडे बोट दाखवितात.

सर्वांत गांभीर्याने घ्यावयाचे ते पुसूनही न जाणारे पांढरे वा मखमली लाल चट्टे. त्यांतील लाल चट्टा अधिक धोक्याचा. दोन्ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतात. सुपारी व गुटख्याने तोंडाची आतली त्वचा पांढुरकी, ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. गुटख्यावर राज्य शासनाने २०१२ मध्ये बंदी घातली. सुपारी मात्र आजही खुलेआम चघळली जाते.

कोणताही नवा डाग, चट्टा वा व्रण दोन आठवड्यांत गेला नाही, तर दंतवैद्याला दाखवावे. तो वाढत असेल, उंचावला असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील वा दात हलू लागला असेल, तर तेवढेही थांबू नये. हिरड्या एकाएकी सुजून रक्त येऊ लागले आणि सोबत ताप वा अंगावर निळे डाग असतील, तर रक्ततपासणी त्याच दिवशी करावी. दंतवैद्याकडे जाताना चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी आणि तंबाखूची सवय लपवू नये. चट्ट्याचा तुकडा तपासणीस पाठविण्याचा सल्ला मिळाल्यास घाबरून टाळाटाळ करू नये. हे काम सहसा जागा बधिर करून थोड्या वेळात उरकते.