दुखत नाही, तरी बीपी वाढलेले असू शकते, तिशीनंतर तपासाच!

नाचणगाव असो की शेजारचे पुलगाव, ‘काही दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला?’ हे घरोघरी ऐकू येते. उच्च रक्तदाब मात्र बहुतेकदा लक्षणांशिवाय वाढतो. पुढे लकवा, हृदयविकार किंवा किडनीचा आजार होऊ शकतो.

तपासणी कुठे? ३० वर्षांपुढील सर्वांचा रक्तदाब आणि साखर आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत तपासतात.

धोका कधी? वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा जास्त आल्यास डॉक्टरांना भेटा.

काय टाळाल? दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी ठेवा; लोणचे-पापडातले मीठही त्यात धरा. खर्रा सोडा.

गोळी थांबवावी का? बीपी उतरते ते गोळीमुळेच. डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.