एकच दृश्य, दोन चित्रे

पॅरिस शहरातून वाहणारी सेन नदी पश्चिमेकडे काही कोस पुढे गेली, की तिच्या पात्रात एक लांबट बेट लागते. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या बेटाच्या काठी एक विहारस्थळ होते. ‘ला ग्रनुयेर’ हे त्याचे नाव; म्हणजे बेडकांचे डबके! नाव असे ओबडधोबड असले, तरी जागा मोठी रमणीय होती. काठाला एक तरंगते उपाहारगृह बांधलेले असे. त्याच्या जवळच पाण्यात एक चिमुकले, वाटोळे बेट होते आणि त्यावर एकच झाड उभे होते. अरुंद फळीवरून त्या बेटावर जाता येई. सुटीच्या दिवशी पॅरिसचे लोक आगगाडीने तेथे येत. कोणी पोहत, कोणी नावेतून फिरत, तर कोणी त्या झाडाखाली गप्पा मारीत उभे राहत.

१८६९ च्या उन्हाळ्यात दोन तरुण चित्रकार या जागी येऊ लागले. एकाचे नाव क्लोद मोने आणि दुसऱ्याचे ओग्युस्त रन्वार. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे होते आणि दोघेही अत्यंत गरीब होते. मोनेच्या घरी लहान मूल होते. पण घरात पुष्कळदा अन्न नसे. रन्वार आपल्या आईवडिलांच्या घरून त्याच्यासाठी पाव घेऊन येई. कधी कधी दोघांचेही रंग संपून जात आणि काम थांबवावे लागे. तरीही जमेल तेव्हा ते नदीकाठी आपल्या तिवया मांडीत आणि समोरचे दृश्य रंगवीत बसत.

पूर्वीचे बहुतेक चित्रकार बाहेर केवळ कच्ची टिपणे करीत आणि मोठे चित्र घरी बसून पुरे करीत. परंतु १८४१ मध्ये कथलाच्या नळीत रंग भरून ठेवण्याची युक्ती निघाली. त्यामुळे तयार रंग पेटीत घालून कोठेही नेणे सोपे झाले. उघड्यावर बसून, डोळ्यांसमोरचा प्रकाश पाहत चित्र काढणे या दोन मित्रांना शक्य झाले, ते या साध्या नळीमुळेच.

दोघांची चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर विषय एकच आहे हे तत्काळ ध्यानात येते. मध्यभागी ते एका झाडाचे बेट, उजवीकडे तरंगते उपाहारगृह, पुढे बांधलेल्या नावा आणि मागे पलीकडच्या तीरावरची झाडी. दोघांनी जवळजवळ एकाच जागेवरून हे दृश्य पाहिले होते. असे असूनही ही चित्रे एकाच हातची आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

मोनेच्या चित्रात प्रथम लक्ष वेधून घेते ते पाणी. वाहत्या पाण्यावर तरंग उठतात, तेव्हा प्रत्येक तरंगाच्या एका अंगावर आकाशाचा उजेड पडतो आणि दुसऱ्या अंगावर झाडांची काळोखी उतरते. मोनेने हे नेमके टिपले. रुंद कुंचल्याचे जाड, आडवे फटकारे त्याने एकाखाली एक मारले आहेत. काही उजळ, काही गडद. जवळून पाहिले तर ते केवळ रंगाचे पट्टे वाटतात. चार पावले मागे सरले, की पाणी हलू लागते. माणसे मात्र त्याने दोन-चार फटकाऱ्यांत उरकली आहेत. त्यांचे चेहरे दिसत नाहीत.

रन्वारच्या चित्रात बेटावरची माणसे अधिक जवळ आल्यासारखी वाटतात. स्त्रियांचे पायघोळ पोशाख, पुरुषांच्या टोप्या, कोण कोणाकडे वळून उभे आहे, हे सारे तेथे ओळखू येते. त्याचा कुंचला हलका आहे. झाडांची पाने पिसांसारखी मऊ वाटतात. ऊन आणि सावली यांच्यात मोनेच्या चित्राइतका तीव्र विरोध नाही. पाणीही आहे; पण ते त्या मंडळींच्या आनंदाला साथ देण्यापुरते.

असे का झाले असावे? मोनेचे बालपण ल हाव्र या बंदरात गेले. तेथे बूदँ नावाच्या चित्रकाराने त्याला समुद्रकिनारी बसून आकाश आणि पाणी रंगविण्यास शिकविले होते. रन्वारचा बाप शिंपी होता आणि आई शिवणकाम करी. तेराव्या वर्षापासून तो चिनी मातीच्या भांड्यांवर बारीक नक्षी रंगविण्याचे काम शिकला होता. एकाचे डोळे पाण्याकडे वळले आणि दुसऱ्याचे वस्त्रांकडे व माणसांकडे, यात नवल ते काय?

मग यातले खरे चित्र कोणाचे? तुम्हांला हा प्रश्न पडला असेल. त्या दिवशी तेथे पाणीही होते आणि माणसेही होती. परंतु समोर दिसते ते सगळे कोणत्याही चित्रात मावत नाही. काय जवळ आणावे, काय मागे ठेवावे, काय गाळावे, हे चित्रकाराला ठरवावे लागते. दोघांनी आपापल्या मनाला भिडले ते निवडले. म्हणून दोन्ही चित्रे खरी आहेत.

हे खरेपण त्यांना स्वस्तात मिळाले नाही. पॅरिसमधील ‘सालाँ’ या मोठ्या प्रदर्शनात चित्र लागले, तरच ते विकले जाण्याची आशा असे. तेथे गुळगुळीत, घोटीव चित्रांना मान होता. १८६९ आणि १८७० या दोन्ही वर्षी मोनेची चित्रे तेथे नाकारली गेली. लोकांना रुचेल तसे रंगविले असते, तर कदाचित घरात पाव आला असता. तरीही त्यांनी आपली रीत सोडली नाही. १८७४ मध्ये त्यांनी इतर मित्रांसह स्वतःचे प्रदर्शन भरविले. एका टीकाकाराने मोनेच्या ल हाव्र येथील सूर्योदयाच्या चित्रावरून त्या सर्वांची थट्टा केली. त्या थट्टेतूनच त्यांच्या पंथाला नाव मिळाले. मराठीत आपण त्याला ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणतो.

आज मोनेचे ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहे आणि रन्वारचे स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात. एका काठावर जन्मलेल्या त्या दोन चित्रांच्यामध्ये आता एक महासागर आहे.

एखाद्या सुटीच्या दिवशी तुम्हीही मित्राबरोबर एखाद्या झाडासमोर बसा आणि त्याचे चित्र काढा. मित्राच्या कागदाकडे मधूनमधून पाहू नका. चित्रे पुरी झाली, की ती शेजारी ठेवा. ती सारखी दिसली नाहीत, तर कोणाचे चुकले हे शोधीत बसू नका. तुम्ही काय पाहिले आणि तुमच्या मित्राने काय पाहिले, हे एकमेकांना विचारा.