'फोर-जी' या पाटीचा इतिहास
आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ साली चौथ्या पिढीचे निकष ठरवले : धावत्या वाहनात सेकंदाला १०० मेगाबिट, स्थिर वा संथ ग्राहकाला १ गिगाबिट. २००९च्या डिसेंबरात स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे सुरू झालेले 'एलटीई' जाळे त्यात बसत नव्हते. तरी विकले गेले फोर-जी म्हणूनच. पुढच्या ऑक्टोबरात संघाने 'एलटीई-अ‍ॅडव्हान्स्ड' आणि 'वायरलेसमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड' ही दोनच तंत्रे पात्र ठरवली. पण डिसेंबरात त्याच संघाने एलटीई, वायमॅक्स, इतकेच काय, सुधारित थ्री-जीलाही हे नाव लावायला मोकळीक दिली. बाजाराचा रेटा, दुसरे काय! कोलकात्यात २०१२ साली आलेले फोर-जी या सैल अर्थाचेच. शिवाय एलटीईत आवाजासाठी वेगळी वाट नाही; म्हणून सुरुवातीचे बहुतेक फोन कॉल येताच निमूट जुन्या जाळ्यावर उतरत.